वरची तीन वर्षं

आमच्या सासरी राग हा दागिना होता. माझं लग्न ठरवताना वडिलांना मुलाचं शिक्षण, नोकरी वगैरे सांगण्यात आलं, पण त्याच्याही आधी सांगण्यात आलं की घराणं जरा तापट आहे, मात्र मनाने निर्मळ. वडिलांनी समाधानाने मान डोलावली. थंड डोक्याच्या घराण्यात काहीतरी खोट असणार, अशी तेव्हा समजूत असावी. मला मिळालेला थोरला मुलगा भूल देणारा डॉक्टर होता. लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये दिवसभर लोकांना झोपवायचा आणि घरी येऊन स्वतः झोपायचा. त्यामुळे हा दागिना माझ्या वाट्याला फारसा आला नाही. तो सगळा माझ्या धाकट्या दिराच्या अंगावर होता.

दीर लीड्सला आला तो कापडाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर म्हणून. ऐंशीच्या दशकात कारखाना बंद पडला आणि त्याने व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचं दुकान टाकलं. दुकान बरं चालायचं, गिऱ्हाइकं मात्र टिकायची नाहीत. कॅसेट रिवाइंड न करता परत आणणं हा त्याच्या लेखी गुन्हा होता. एका गिऱ्हाइकाने तो गुन्हा केला आणि वर हसला. त्याचं नाक मोडलं. कोर्टाने दंड केला, आणि आमच्या मंडळाच्या दिवाळीत माझ्या नवऱ्याने ही हकिगत अशी रंगवून सांगितली की लोकांच्या हातातल्या करंज्या पडल्या. पुढे दिराने एका पार्किंग वॉर्डनला ढकललं, तो पायऱ्यांवरून गडगडला. पुन्हा कोर्ट, पुन्हा दिवाळी.

पण घरातली सगळ्यात जुनी आणि मानाची गोष्ट होती सासऱ्यांच्या तांब्याची. सासऱ्यांना मी पाहिलं नाही, ते आमच्या लग्नाआधीच गेले. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी एकदा जेवता जेवता पितळी तांब्या भिंतीवर भिरकावला आणि त्याला चांगला मुठीएवढा पोचा पडला. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा हा तांब्या बॅगेतून घेऊन आल्या. फायरप्लेसच्या वर, नवऱ्याच्या फेलोशिपच्या फोटोशेजारी त्याची स्थापना झाली. पाहुणे आले की कोणीतरी त्या पोच्याबद्दल विचारायचंच. मग सासूबाई गोष्ट सांगायच्या. त्यांनी पुण्यातल्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा हे त्यांना बरोबर ठाऊक. 'आणि मग पानावर बसल्या बसल्या म्हणाले, वाढ परत!' इथे आली की गोष्ट संपायची आणि पाहुणे पोट धरून हसायचे. सासूबाईंना डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून हसणं संपलं की नाही हे त्या आमच्या चेहऱ्यांकडे बघून ठरवायच्या.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा दिराचं शेजाऱ्याशी भांडण झालं. शेजारी निवृत्त बस ड्रायव्हर होता. त्याने कुंपणाची झाडं दिराच्या मते चार इंच जास्त कापली. दिराच्या हातात फावडं होतं. त्या म्हाताऱ्याचं गळ्याजवळचं हाड आणि दंड मोडला, आणि त्याला पुन्हा कधी उजवा हात डोक्याच्या वर नेता आला नाही. यात चेष्टा करण्यासारखं काही नाही. मंडळात न सांगितलेली त्याची ही एकच हकिगत.

दिराने गुन्हा कबूल केला. बॅरिस्टर तरुण होता, गुलाबी गालांचा. म्हणाला, साधारण चार वर्षं होतील, पण घरचं कोणी दोन चांगले शब्द बोललं तर जज जरा नरम पडेल. माझ्या नवऱ्याने लगेच आईकडे बोट दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, ''मी बोलेन. मला कसली भीती? चाळीस चाळीस पोरांसमोर उभी राहिलेय मी.''

इथे आपल्या लोकांची एक गंमत सांगायला हवी. आपल्याकडे माणसाची शिफारस करताना त्याचा राग लपवत नाहीत, उलट पुढे करतात. भडकणारा माणूस आतून साफ, पोटात काही ठेवत नाही. कारस्थानं करतात ती गप्प बसणारी माणसं. हे इतकं उघड आहे असं आम्हाला वाटे की त्या बॅरिस्टरला ते समजावून सांगण्याचं कोणाच्या मनातही आलं नाही. त्यानेही विचारलं नाही. म्हाताऱ्या आईला जांभळी साडी नेसलेली, वर कार्डिगन घातलेली बघूनच तो खूश झाला होता.

सासूबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत सुरुवात केली. माझा मुलगा लहानपणापासून तापट आहे, पण त्याचा राग दुधासारखा, उतू गेला की संपला. दहा वर्षांचा असताना त्याने रेडिओ गच्चीवरून खाली टाकला, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून रडला. बॅरिस्टर खाकरून, हळू आवाजात त्यांना आवरतं घ्यायला सांगत होता. पण तो उभा होता डावीकडे, आणि सासूबाईंना त्या कानाने काही ऐकूच गेलं नाही. त्या म्हणाल्या, हा आमच्या घराण्याचा स्वभाव आहे, याचे आजोबा तसेच, वडील तसेच. आणि मग, मला खात्रीच होती, तांब्या आला. थांबण्याच्या जागी थांबल्या, आवाज चढवण्याच्या जागी चढवला. 'वाढ परत' झालं आणि त्यांनी हसू येण्याची वाट पाहिली. कोर्टात कोणी हसलं नाही. जज लिहून घेत होता.

नवा कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता. मारहाणीच्या गुन्ह्यात, हा माणूस पुढेही लोकांना गंभीर इजा करील असं जजला वाटलं तर गुन्ह्याला साजेशा शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा देता येत होती. शिवाय ती का दिली हे आरोपीला साध्या भाषेत समजावून सांगायचं, असंही त्या कायद्यात होतं. डोक्यावर घोड्याच्या केसांचा टोप घालून साध्या भाषेत बोलायचं म्हणजे कौतुकच. पण त्या जजला ते जमलं. तुझा स्वतःवर ताबा नाही, तो कधीच नव्हता, तुझ्या घरात तो कोणालाच नव्हता आणि हे मी तुझ्या आईकडूनच ऐकलं, असं म्हणून त्याने सात वर्षं दिली. बॅरिस्टरने बाहेर येऊन फोड करून सांगितली, चार फावड्याची, वरची तीन धोक्याची.

गाडीत बसल्या बसल्या माझा नवरा फुटला. भूल देणारा माणूस इतका ओरडू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

''आई, काय गरज होती तांब्याची? कॅरेक्टर विटनेस होतीस तू! प्रॉसिक्यूशनची नव्हतीस!''

''दर गणपतीला तूच सांगायला लावतोस ना?'' सासूबाई म्हणाल्या. ''तेव्हा बरी गोड लागते.''

मंडळात तर सासूबाईंचं नाव झालं. स्वतःच्या मुलाला स्वतःच्या तोंडाने तीन वर्षं वाढवून देणारी आई. बायका त्यांच्याशी बोलताना आवाज उगाच हळू करायच्या, जो त्यांना तसाही ऐकू येत नसे. मला राग येई. म्हातारीला पुढे केलं आम्ही, तिला काय बोलायचं हे सांगितलं नाही आम्ही, आणि वेडी कोण, तर ती.

अपील केलं. ते ऐकायला घेणार की नाही हे कळायलाच कितीतरी महिने गेले, शेवटी परवानगी मिळाली. बॅरिस्टरचे गुलाबी गाल पुन्हा फुलले. तो म्हणाला, चारला आपण हात लावत नाही, भांडण फक्त वरच्या तिनाचं. ती देणार असं जजने आधी सुचवलं नव्हतं, मानसोपचारतज्ज्ञाचा रिपोर्ट मागवला नव्हता, सगळी इमारत आईच्या एका गोष्टीवर उभी केली होती. आता आपणच रिपोर्ट घेऊ. डॉक्टर तुरुंगात जाऊन दिराला तपासतील आणि घरी येऊन घरच्यांशी बोलतील.

या मधल्या काळात माझी धाकटी जाऊ आमच्याकडे वरचेवर येऊ लागली होती. पंधरा वर्षांत मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. पूर्वी तिचा फोन आला की मधेच वाक्य तोडून ती ठेवून द्यायची, कारण दाराशी किल्लीचा आवाज यायचा. आता ती तासतासभर बोलायची, स्वैपाक करपवायची आणि करपला म्हणून हसायची. टीव्हीवरच्या फालतू विनोदांना तर इतकं मोठ्याने हसायची की माझा नवरा वर्तमानपत्र खाली करून बघायचा. तो मला म्हणाला, ''धक्का बसलाय बिचारीला.'' डॉक्टर आहे माझा नवरा.

मानसोपचारतज्ज्ञ आला तो शनिवारी. उंच, वाकलेला, कोपरावर चामड्याचे तुकडे शिवलेल्या कोटातला इंग्रज. नवरा ड्यूटीवर होता, पण जाण्याआधी त्याने आईसमोर बसून तिला पढवलं होतं.

''आई, धिस टाइम फक्त पॉझिटिव्ह. तांब्याचं विचारलं तर म्हण, मी एक्झॅजरेट केलं. म्हण, हसवायला सांगते. तुझ्या एका शब्दावर त्याची तीन वर्षं आहेत, लक्षात ठेव.''

''लक्षात आहे,'' सासूबाई म्हणाल्या.

मी पोहे केले. डॉक्टरांनी दोनदा घेतले. मग त्यांनी माझ्या जावेला विचारलं, नवरा तुमच्याशी कसा वागतो? तिने ताटलीतल्या लाडवाकडे बघत उत्तर दिलं, ''ही इज फाइन विथ मी.'' डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली. ती लाडवाकडेच बघत राहिली. सासूबाई तिच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या, म्हणजे त्यांचा चांगला कान तिच्याकडे होता, आणि त्या एकटक तिच्याकडे पाहत होत्या.

मग डॉक्टर सासूबाईंकडे वळले. कोर्टात तुम्ही सांगितलेली ती भांड्याची गोष्ट जरा पुन्हा सांगाल का, आणि तो तांब्या म्हणतात तो हाच का? मी मनात म्हटलं, झालं, आता 'एक्झॅजरेट' येणार. सासूबाईंनी तांब्या उतरवून मांडीवर घेतला. या वेळी आवाज कुठेच चढवला नाही.

''मी कोर्टात एक गोष्ट चुकीची सांगितली,'' त्या इंग्रजीत म्हणाल्या. ''नेहमीच चुकीची सांगते. हा भिंतीला लागला नव्हता. मला लागला, इथे.'' त्यांनी डाव्या कानाच्या मागे हात नेला. ''मग खाली फरशीवर पडला आणि पोचा पडला. त्या दिवसापासून या कानाने ऐकू येत नाही. आणि 'वाढ परत' म्हणाले ते खरं आहे. मी वाढलं. धाकटा माझ्या पदराला धरून उभा होता. त्याच्या पानातही वाढलं, आणि तो जेवला.''

या कानात आपण किती वर्षं ओरडतोय, वयामुळे असं होतं म्हणून समजूत घालतोय, आणि हिच्याकडूनच दर गणपतीला ती गोष्ट सांगून घेतोय, हे एकदम अंगावर आलं. लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला, मेलेल्या माणसाचा. तो कधी भेटला नव्हता म्हणून अजूनच आला.

डॉक्टरांनी विचारलं, मग तुम्ही हे हसवून का सांगता?

''कारण आधी न हसवता सांगून पाहिलं होतं,'' सासूबाई म्हणाल्या. ''माझ्या आईला. ती म्हणाली, तापट असतात पुरुष. त्या जजसाहेबांनी कोर्टात पहिल्यांदा मला सांगितलं की हे धोक्याचं आहे. मला वाटत होतं, हे फक्त मला एकटीलाच ठाऊक आहे.''

रात्री नवऱ्याने विचारलं, आईने काय सांगितलं? मी म्हटलं, खरं सांगितलं. काय ते सांगितल्यावर तो बराच वेळ जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. सकाळी उठून त्याने पहिला प्रश्न विचारला, ''पण मग अपीलचं काय होणार?'' माणूस वाईट नाही माझा नवरा. फक्त जागा व्हायला त्याला वेळ लागतो.

अपीलसाठी आम्ही चौघं लंडनला गेलो. स्ट्रँड नावाच्या रस्त्यावरचं ते कोर्ट म्हणजे देऊळ बांधायला घेतलं आणि मधेच देवावरचा विश्वास उडाला असं दिसतं. वर लाकडी बाकांवर आम्ही, खाली तीन जज, आणि बाजूला उंचावर लोखंडी गजांमागे दीर. त्याने आम्हाला बघून एअरपोर्टवर करतात तसा हात केला. फक्त माझ्या नवऱ्याने उलट हात केला.

बॅरिस्टर उठला, आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की सासूबाईंचं खरं बोलणं त्याला फारच आवडलं होतं. त्याने ते पोळीवर तूप लावावं तसं सगळीकडे पसरवलं. माझ्या अशिलाने लहानपणी डोळ्यांदेखत आईला मार खाताना पाहिलं, राग हा त्याचा स्वभाव नसून शिकलेली सवय आहे, शिकलेलं विसरता येतं, आणि आता तर तो तुरुंगात राग आवरण्याच्या वर्गाला जातो, एकही तास चुकवत नाही. रिपोर्टमध्येही तसंच होतं. पब्लिकला पुढे गंभीर धोका आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. मग पब्लिक म्हणजे कोण यावर जरा चर्चा झाली. शेजारी, गिऱ्हाईक, वॉर्डन, सगळे त्यात बसले. माझी जाऊ माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिचा उल्लेख आला तो असा, की सुटल्यावर त्याला आधार द्यायला प्रेमळ पत्नी आहे.

तिन्ही जजनी टोपांखाली डोकी जवळ आणली आणि निकाल दिला. आधी सूचना न देता, तज्ज्ञाला न विचारता, एका आईच्या घरगुती गोष्टीवरून एवढा मोठा निष्कर्ष काढायला नको होता. सातची चार झाली. वरची तीन वर्षं गेली. एक वर्ष तर भोगून झालंच होतं, पुढच्या वर्षी तो पॅरोलसाठी अर्ज करू शकणार होता.

सासूबाईंनी मला कानाशी येऊन सांगायला लावलं, उजव्या. ऐकून त्या म्हणाल्या, ''म्हणजे माझ्या कानामुळे सुटला.''

नवरा हवेत होता. आम्हा सगळ्यांना घेऊन तो थेट वेम्बलीला गेला, ईलिंग रोडवर, एका गुजराती खानावळीत. चौघांसाठी सहा जणांचं मागवलं, वर जिलबी. बाहेर रस्त्यावर भाज्यांच्या टोपल्या, साड्यांची दुकानं, सगळं आपलंच वाटतं तिथे, त्यामुळे त्याचा आवाजही आपल्याकडच्यासारखा वाढला. ''आई, यू डिड इट! तुझ्यामुळे जिंकलो आपण. आता तो आला की मोठी पार्टी करू. मंडळाचा हॉल घेऊ.''

सासूबाई ढोकळ्याचा तुकडा मोडत होत्या. त्या म्हणाल्या, ''तो सुटला की मी त्यांच्याकडे राहायला जाणार आहे.''

नवऱ्याचे डोळे भरून आले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, ''बघ. आईचं मन बघ.''

''मन कसलं?'' सासूबाई म्हणाल्या. ''मधे कोणीतरी उभं राहायला नको का? माझा एक कान गेलेलाच आहे.''

नवऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामा केला. मी जावेकडे पाहिलं. तिने जिलबी उचलली होती, ती तिने ताटात परत ठेवली आणि बोटं रुमालाला पुसली, एकेक करून.

''या ना, आई,'' ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, फोनवर बोलायची तसा. ''पण मी नसेन तिथे. मी माझ्यासाठी फ्लॅट बघितलाय. सुटायच्या आधीच जाणार आहे.''

सासूबाईंनी मान वळवून चांगला कान तिच्याकडे केला, जणू पुन्हा ऐकायचं होतं. तिने पुन्हा सांगितलं. मग त्यांनी जिलबीची ताटली तिच्या पुढ्यात सरकवली.

''अगंबाई,'' त्या म्हणाल्या, ''मग मी तरी कशाला जाऊ त्याच्याकडे?''